धरणाला घाम सुटतो तेव्हा

वीरधवल राजाच्या बागेतला दगडी मोर वाकडा थुंकू लागला आणि दरबारात हाहाकार उडाला! धोंड्याच्या महिन्यात जावईबापू येणार, कारंजं बघत बसणार आणि पाणी नेमकं त्यांच्या पागोट्यावर पडणार! गवंड्यांची टोळी एकच आणि पाऊस तोंडावर. राजाने हुकूम सोडला, "आधी मोर! बाकीचं पावसाळ्यानंतर!"

बाकीच्यात गावावरचं धरणही आलं. त्याच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं आणि भिंतीखालीच होती परीटआळी. भिंत फुटली तर आख्खी आळी माणसांसकट वाहून जायची. म्हणून येसू परटीण थेट दरबारात येऊन उभी राहिली.

"म्हाराज, आधी धरण दुरुस्त करा!"

धरणाचे कारभारी गुंडोपंत राजाची मर्जी ओळखून होते. ते फिस्कारले, "धरण ठणठणीत आहे, महाराज! उन्हाळा आहे, भिंतीला जरा घाम सुटलाय, इतकंच!"

राजा हट्टाला पेटला. "ऐकलंस? आता धरणाला एका शब्दानेही नावं न ठेवता, ते कच्चं आहे हे गुंडोपंतांच्याच तोंडून वदवून दाखव! जमलं तर गवंडी तुझे. नाहीतर जन्मभर राजवाड्याची धुणी फुकट धू!"

दरबार खदखदला. येसूने पदर खोचला.

"नावं कोन ठेवतंय? उलट म्या म्हन्ते, धरणाखाली काय ग्वाड गारवा हाय! जावईबापूंचा मांडव तितंच घाला. तितंच अनारसं, तितंच दुपारची झोप!"

राजा खुलला. "वा! गुंडोपंत, मांडवाच्या तयारीला लागा. आमच्या लेकीलाही तिथेच उतरवू."

गुंडोपंतांच्या कपाळावर थेंब जमले. "महाराज, तिथे... डास फार."

"धूर करीन की म्या!" येसू म्हणाली.

"ओलही फार..."

"ओल? मघाशी तर घाम म्हणालात!" राजा गरजला. "भिंत पक्की आहे ना? मग घाला मांडव!"

गुंडोपंतांनी धावत येऊन राजाचे पाय धरले. "नको, महाराज! पहिल्याच पावसात बसेल ती भिंत!"

मग राजा असा हसला, की मुकुट नाकावर आला! "गवंडी धरणावर जातील! येसूला साडीचोळी द्या. आणि यापुढे कशाची डागडुजी आधी, ते हीच ठरवेल! पण काय गं, जावई आले की कारंज्याचं काय?"

येसूने घामाने निथळणाऱ्या गुंडोपंतांकडे पाहिलं.

"ह्यांस्नी उभं करा की बागेत! सरळ खालीच गळत्यात!"