उंबरठ्यावर फुटलेला वाडगा

“…मग ती अजून जात का नाही, गुरुजी?”

कुसाका पुन्हा तेच विचारत होता.

आचार्य गेंताकु शेगडीवरची पेज ढवळत राहिले. बाहेर बर्फ पडून पडून देवळाच्या पायऱ्या पार बुजून गेल्या होत्या.

“कोण जात नाही?”

“सुमे. माझी बायको. थंडीच्या तोंडावर वारली. पण संध्याकाळ झाली की दाराशी कुणीतरी उभं असतं. आत येत नाही, जातही नाही. मला घास गिळवत नाही, गुरुजी. स्वतःच्याच घरात परक्यासारखा वावरतो मी.”

कुसाका म्हणजे काही लहान असामी नव्हे. जुन्या वस्तूंचा मोठा संग्राहक. तलवारी, सोनेरी मूर्ती असल्या गोष्टींकडे तो ढुंकूनही बघत नसे. त्याला हवं असायचं ते गोरगरिबांच्या रोजच्या वापरातलं. भाताचे वाडगे, चुलीवर किटली टांगायचे लाकडी आकडे, ठिगळांवर ठिगळं लावलेल्या निळ्या गोधड्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कुणाकडे म्हातारं माणूस गेलं की सुतक फिटायच्या आत हा दारात हजर, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

“तिचा वाडगा फोडलास ना?” गेंताकुंनी विचारलं.

त्या डोंगराळ मुलखात तशी रीत होती. प्रेत घराबाहेर निघालं की ते माणूस रोज ज्यात जेवायचं, तो वाडगा उंबरठ्यावर आपटून फोडायचा. इथलं तुझं अन्नपाणी संपलं, आता मागं फिरू नकोस, एवढंच त्यातून सांगायचं.

“फोडला… म्हणजे, एक वाडगा फोडला.”

“एक?”

कुसाकाची मान खाली गेली. त्यानं सोबतची पेटी उघडली आणि रेशमी फडक्यातून एक वाडगा बाहेर काढला. करड्या झिलईवर गवताचं एकच पातं, कुंचल्याच्या एका फटक्यात काढलेलं.

“हा सुमेनं माहेराहून आणलेला. असा दुसरा माझ्या संग्रहात नाही. जन्मभर मागितला तिच्याकडे. म्हटलं, कपाटात जपून ठेवू. ती हसायची. म्हणायची, अहो, मी जेवते त्यात. आणि मग त्या दिवशी… असली वस्तू उंबरठ्यावर आपटायची? हात धजला नाही. स्वयंपाकघरातला हाताला लागला तो साधा वाडगा उचलला आणि फोडला. लोकांना कुठं काय कळतंय!”

बोलता बोलता त्याचा आवाज चढला.

“हाही फोडू का? तुम्ही सांगाल तर आत्ता फोडतो.”

पण वाडगा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला होता.

गेंताकुंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“फोडलेला कुठं आहे?”

कुसाका ओशाळला. फुटकी वस्तूही त्याला टाकवत नसे. वाडगा मांडीत ठेवून त्यानं बाहीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत खापऱ्या होत्या.

गेंताकुंनी त्यातली मोठीशी खापरी उचलून त्याच्या हातावर ठेवली.

“वस्तूवरून वापरणाऱ्याला ओळखतोस म्हणे.”

“ओळखतो. डोळे मिटून.”

दुःखातसुद्धा शेखी काही सुटली नव्हती.

“ओळख.”

कुसाकानं डोळे मिटले. अंगठा काठावरून फिरवला.

“पुरुषाचा आहे. डावखुऱ्या पुरुषाचा, झीज उलट्या बाजूला आहे. काठाचा टवका गेलाय, पण ओठ लागून लागून तोही गुळगुळीत झालाय. आत बारीक चरे आहेत… जेवायच्या काड्या वाडग्यात आपटत जेवायचा. लक्ष जेवणात नाही, भलतीकडेच. आणि कुणीतरी हा रोज घासून, पुसून ठेवलाय. वर्षानुवर्षं…”

तो थांबला.

डोळे उघडले. काठावरून फिरणारा अंगठा डावा होता.

सुमे वाढायची आणि तो जेवायचा. नजर नुकत्याच आणलेल्या कुठल्यातरी वस्तूवर. आपण कशात जेवतो, हे एवढ्या वर्षांत त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

“गुरुजी… हा माझा वाडगा.”

छपरावरचा बर्फ धपकन खाली कोसळला.

“म्हणजे मी माझाच… मग दाराशी उभा असतो, तो…”



कुसाकाच्या हातून खापरी निसटली. एवढा मोठा माणूस, पण पोरक्या पोरासारखा हुंदके देऊ लागला.

“आता मी कशात जेवू?”

गेंताकुंनी त्याच्या मांडीतला वाडगा उचलला. पळीभर पेज त्यात ओतली आणि वाडगा त्याच्या पुढ्यात सरकवला.

“जेव.”

कुसाकानं हात पुढं केला… मागं घेतला. पुन्हा पुढं केला.

“नाही, गुरुजी. यात कसा जेवू? हा… हा तिचा आहे.”

“मग विचार तिला,” गेंताकु म्हणाले, “पेज निवायच्या आत.”