गोणीचे कान

अवजारांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. दूरच्या कारखान्यात शिकून दाभण आपल्या गावच्या धान्यबाजारात परतली. आपली सरळ, घट्ट शिवण पाहून सगळे हरखतील असे तिला वाटले होते. पण तिने शिवलेली ज्वारीची गोणी हमालाच्या हातात ठरेचना. शेवटी त्याने लोखंडी आकडा खुपसला आणि दाणे भसाभसा सांडले.

"कान कुठे गेले माझे, शहाणे?" गोणी कळवळली. "तुझी आई तोंड शिवताना दोन्ही कोपरे बाहेर काढायची, त्यांत मूठभर दाणे ठेवून सुतळीने आवळायची. तेच कान धरून हमाल मला पाठीवर घ्यायचा. आकड्याची गरजच पडायची नाही."

"पण मावशी, असे कोपरे दिसले की काम अडाणी वाटतं!"

"वाटू दे की! तिने शिवलं तोवर मी सात सुग्या टिकले. तू शिवलंस आणि पहिल्याच दिवशी फाटले."

दाभणीला आई आठवली. कान आवळून झाले की ती हमालाला म्हणायची, "धरून बघ रे, बोटांना काचतं का?" आपण तर कुणालाच विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोणीला ठिगळ लावले, आपली सुंदर शिवण स्वतःच उसवली आणि हमालाला हाक मारली, "दादा, कान केवढे ठेवू? आधी तुमची मूठ दाखवा."