राजाचा मेहुणा झाला उमेदवार

राणीच्या लाडक्या भावाला कामाला लावायचं कुणी, हा त्या राज्यातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. सर्जेराव नाव, राजवाड्यात मुक्काम आणि ‘दे रे हरी खाटल्यावरी’ हा धर्म! राजा धैर्यसिंहाने पुष्कळ सोसलं आणि शेवटी हुकूम सोडला, की मेहुण्याने एखादा धंदा शिकावा. मेहुण्याने तक्क्याला टेकूनच हलवायाचा धंदा निवडला. का, ते सांगायला नको.

राजवाड्याच्या दाराशी गजराबाई हलवाईणीचं दुकान होतं. बाई हाताची गोड, तोंडाची फटकळ. राजाने तिला बोलावून मेहुणा काम शिकायला, उमेदवार म्हणून तिच्या पदरात घातला. तेवढ्यात पडद्याआडून राणी खाकरली, आणि राजा राणीच्या अटी स्वतःच्या म्हणून सांगू लागला. सर्जेरावांना काम सांगायचं नाही. रागवायचं नाही. उपाशी ठेवायचं नाही. तरीही दसऱ्याला त्यांनी स्वतः तळलेली जिलबी राजाच्या पानात पडली पाहिजे! एक अट मात्र राजाने हळूच आपली जोडली. तोवर मेहुण्याने राहायचं-खायचं हलवाईणीकडेच, दुसरीकडे घास घ्यायचा नाही.

“आणि जिलबी नाही पडली तर?” गजराबाईने विचारलं.

“तर तुझ्या दुकानाला कुलूप.”

त्या दुकानावर तिची आणि तिच्या कारागिरांची चूल पेटत होती, आणि राजा तर बोललेला शब्द कधी मागे घेत नसे. पण चेहऱ्यावर काही न दाखवता ती सर्जेरावांना घेऊन निघाली.

हलवायांची एक जुनी रीत आहे. नवा उमेदवार आला की त्याला सांगायचं, हवं ते खा, हवं तितकं खा. थोड्याच दिवसांत त्याला गोडाचा असा वीट येतो, की पुन्हा तो परातीकडे चोरून बघत नाही. गजराबाईने सर्जेरावांना गादीवर बसवलं आणि पुढ्यात परातच ठेवली.

सर्जेरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. सकाळी पेढे, दुपारी बासुंदी, तिन्हीसांजेला जिलबी. कारागीर तोंडावर फडकं धरून हसत होते. पण हळूहळू पेढा बघून सर्जेरावांचे डोळे फिरू लागले. बासुंदीचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करत. स्वप्नात त्यांना हिरव्यागार मिरच्या दिसू लागल्या.

अशातच एका दुपारी मागच्या पडवीतून लसणाच्या फोडणीचा वास आला. दिवसभर पाकाच्या वाफेत उभे राहणारे कारागीर तिथे झुणका-भाकर आणि ठेचा खात होते. सर्जेराव धावतच गेले आणि पाट ओढून बसले.

“ही पंगत कामकऱ्यांची, सरकार,” गजराबाई हात जोडून म्हणाली. “ज्याच्या हाताला पीठ, त्याच्याच पानात झुणका. आपल्यासाठी बाहेर ताजी बासुंदी आहे.”

“मग मला काम सांगा!”

“काम सांगायचं नाही, असा हुकूम आहे.”

सर्जेरावांनी विनवण्या केल्या. बाई हलेना. शेवटी त्यांनी कारागिराच्या हातातलं जिलबीचं फडकं हिसकावलं आणि कढईवर पीठ पिळायला सुरुवात केली. पहिली जिलबी गांडुळासारखी निघाली, दुसरी कढईबाहेरच पडली. पण हात पिठाने माखले होते! त्या दिवशी त्यांनी ठेचा खाल्ला तो रडत रडत. मिरचीने की आनंदाने, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ते कारागिरांच्या आधी भट्टीपाशी हजर होते.

दसऱ्याला राजाच्या पानात जिलबी पडली. जराशी वाकडी, पण कुरकुरीत आणि पाकाने भरलेली. राजाने दोन खाल्ल्या आणि मग भुवई चढवली.

“बाई, तू याला काम सांगितलंस!”

“मी मागत होतो, तरी दिलं नाही,” सर्जेरावच तक्रारीच्या सुरात म्हणाले.

“मग रागावली असशील.”

“हात जोडूनच बोलायच्या.”

“मग उपाशीच ठेवलं असणार! त्याशिवाय हा प्राणी हलायचा नाही.”

“महाराज,” गजराबाई म्हणाली, “उपाशी ठेवून कुणीही कामाला लावतं. मी पोट भरून लावलं. माझी निम्मी साखर यांच्या पोटात आहे.”

राजा खो खो हसत सुटला. पडद्याआडूनही हसू ऐकू आलं. दुकान कायमचं तुझं, वर काय हवं ते माग, असं राजा म्हणाला.

“आधी एक सांगा, महाराज. राणीसाहेबांना आणखी भाऊ किती?”

“तीन,” राजा डोळे पुसत म्हणाला.

“मग साखर सरकारी कोठारातून पाठवा.”

त्याच संध्याकाळी साखरेच्या गाड्या गजराबाईच्या दारात उभ्या राहिल्या, आणि पोत्यांवर बसून तिन्ही मेहुणे आले.