तिसरा नारळ

तुमच्या पणजीची पणजी रांगत होती ना, तेव्हाची ही गोष्ट. एका एवढ्याशा चंद्रावर एक गाव होतं. चंद्र इतका लहान, की न्याहारी करून निघालेला माणूस त्याला वळसा घालून जेवायला घरी! आणि त्याची ओढ इतकी कमी, की नुसतं शिंकलं तरी माणूस हातभर वर जायचा.

तिथली लग्नाची रीत न्यारी. मुलाने आपल्या टेकडीवरून नारळ टाकायचा, समोरच्या टेकडीवर मुलीने तो पदरात झेलायचा. नारळ तीनच. तिन्ही चुकले की सोयरीक मोडली.

भुजंगाचा सगळा जीव शेवंतात. पण दंडात जोर होता, आणि तो गावाला दिसावा ही भारी हौस. पहिला नारळ त्याने असा भिरकावला, की तो वर गेला तो गेलाच. ठिपका झाला, मग ठिपकाही दिसेना.

"झालं! आकाशाशी सोयरीक केलीस होय रे?" शेजारी नारळ घेऊन उभी असलेली आत्या म्हणाली.

दुसरा त्याने सरळ समोर फेकला. जोर जरा कमी, ऐट तेवढीच. नारळ शेवंताच्या डोक्यावरून निघाला तो पार चंद्राच्या कडेपलीकडे.

"हाही गेला!" भुजंग कमरेवर हात ठेवून किती वेळ तिकडेच बघत राहिला.

"गेला कुठला! खाली वाक, मेल्या!"

"मी? मी नाही कुणापुढं वाकत, आत्या!"

तेवढ्यात चंद्राला फेरी मारून नारळ पाठीमागून आला आणि त्याचा नवाकोरा फेटा उडवून फेट्यासकट डबक्यात पडला. गाव पोट धरून हसलं. शेवंताही हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. एकच नारळ उरला होता.

भुजंगाने आत्याच्या हातून शेवटचा नारळ घेतला. "आत्या, आता कसा टाकू गं?"

"शेवंता दिसते का?"

"दिसते की."

"मग गावाकडं काय बघतोस, तिच्याकडं बघ. निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवतात ना, तसा सोड."

त्याने हलकेच सोडला. नारळ तरंगत, रमतगमत निघाला. लोकांचा एकेक लाडू खाऊन झाला, कुणी जांभई दिली, भुजंगाने मात्र श्वास घेतला नाही. आणि नारळ अलगद शेवंताच्या पदरात!

लग्न झालं. नवरा बोहल्यावर उभा राहिला तो ओल्या फेट्यानंच. पहिला नारळ काही अजून परतला नाही.

म्हणून म्हणते पोरांनो, अंगात जोर किती आहे ते दाखवू नये, कामाला किती लागतो ते ओळखावं.