राजाच्या शब्दाचा सत्कार

एक होतं रान. रानात कोठार, कोठाराला एकच दार आणि दारात एक गवा. गव्याला अक्कल बेताचीच होती, म्हणून तर त्याला तिथं नेमलं होतं. प्रत्येक प्राण्याने त्याच्या कानात आपला परवलीचा शब्द सांगायचा. शब्द बरोबर असला तर पोटापुरतं धान्य मिळायचं, चुकला तर ढुशी.

पुढे अस्वलराजांनी फर्मान काढलं. शेजारच्या रानातली माकडं म्हणे शब्द चोरतात, तेव्हा दर पौर्णिमेला सगळ्यांचे शब्द बाद! नव्या शब्दात एक फळ, एक नदी आणि एक डरकाळी हवीच. "नवा शब्द, निर्धास्त रान!" अशी घोषणाही निघाली. भाषणाच्या भरात राजे म्हणाले, "नियम म्हणजे नियम, मलासुद्धा!" आणि टाळ्या पडल्या. बिचाऱ्या सशाला डरकाळी येईना. तो "बोर-वैनगंगा-चीं" म्हणाला आणि उपाशी झोपला.

शब्द बाद होण्याआधी सगळ्यांना सावध करायचं काम ठकूबाई टिटवीकडे आलं. घसा काय, देवाने दिलेलाच होता. नोकरीसोबत कोठाराच्या मागच्या भिंतीलगत क्वार्टर मिळालं, आणि तिथल्या दगडगोट्यांत तिने अंडीही घातली. अट एकच होती. कुणाचाही शब्द इशाऱ्याविना बाद झाला, तर क्वार्टर खाली करायचं, अंड्यांसकट.

"शब्द बदला हो, पौर्णिमा आली!" ठकूबाई रानभर ओरडायची.

"आत्ताच तर ओरडून गेलात की बाई! उद्या बदलतो," रानडुक्कर कूस बदलत म्हणायचं. पण कुरकुरत का होईना, बदलायचं.

राजांनी मात्र बदलला नव्हता. ठकूबाई धापा टाकत गुहेशी गेली. दारात सचिव कोल्हेसाहेब बसले होते.

"साहेब, राजांना सांगा, मुदत संपत आली."

कोल्ह्याने कानांवर पंजे ठेवले. "अहो बाई, जीभ आहे की कोयता? राजांची मुदत संपत आली?"

"राजांची नाही हो, त्यांच्या शब्दाची!"

"राजांचा शब्द संपतो? हे तर आणखी वाईट!"

आता या दरबाराची रीत अशी, की कडू गोष्ट राजांना सांगायची नाही, तिचा सत्कार करायचा. गुहेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा छपराचा सत्कार झाला होता, आणि राजे भिजत भिजत दोन शब्द बोलले होते. "राजे हुशार आहेत. हार घातला की समजून जातात," कोल्हा म्हणाला.

झालं! चौकात मांडव पडला. भल्यामोठ्या फलकावर राजांचा परवलीचा शब्द झळकला: "मोह-इंद्रावती-गुर्रर्र". शब्दाला शाल, शब्दाला श्रीफळ. राजे गहिवरून म्हणाले, "हा शब्द माझा नाही, साऱ्या रानाचा आहे!" रानाने ते मनावर घेतलं. पौर्णिमेपर्यंत उंदरांपासून घोरपडीपर्यंत सगळे त्याच शब्दावर धान्य उचलत राहिले. ठकूबाई फांदीवरून "महाराज, बदला हो!" म्हणून घसा फोडत होती, पण बेडकांच्या बँडपुढे तिचं कोण ऐकतंय?

पौर्णिमा उलटली. सकाळी राजे दारात उभे.

"शब्द बाद," गवा म्हणाला.

"अरे, मी राजा!"

"ते बरोबर आहे. शब्द बाद." आणि ढुशी. राजे करवंदीच्या जाळीत पडले.

काटे उपटत राजे गरजले, "मला इशारा का दिला नाही?" सगळ्यांनी ठकूबाईकडे पाहिलं.

"नवा शब्द घ्या, मिटलं," गवा म्हणाला.

"सत्कार झालेला शब्द बदलायचा? लोक काय म्हणतील?" कोल्हा ओरडला. मग ठकूबाईच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, अंडी कधी फुटायचीत?"

"आज-उद्या," ती म्हणाली.

"मग शब्द बाद झालेलाच नाही. काय?"

ठकूबाईला संताप आला, रडूही आलं. ती अंड्यांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "महाराज, शब्द ठणठणीत आहे. दारच कुचकामी झालंय."

"तज्ज्ञांचं मत!" कोल्ह्याने जाहीर केलं.

मग राजांसाठी मागच्या भिंतीला भगदाड पाडण्यात आलं. त्यातून राजे आत गेले. पाठोपाठ कोल्हा गेला, मग कोल्ह्याचे मेव्हणे, मग मेव्हण्यांचे व्याही. धान्याची पोती बाहेर ओढली जात होती आणि ठकूबाई अंड्यांवर पंख पसरून बसली होती. क्वार्टर वाचलं, पिल्लंही सुखरूप बाहेर आली. त्यांना घेऊन ती धान्याच्या रांगेत उभी राहिली, गव्याच्या कानात नवा शब्द सांगितला. अगदी बरोबर! गव्याने अदबीने दार उघडलं. आत भगदाडातून पलीकडची नदी छान दिसत होती.

"आई, दाणे कुठेयत?" एका पिल्लाने विचारलं. ठकूबाईने मान फिरवली.

त्याच संध्याकाळच्या सभेत कोल्ह्याने छातीठोकपणे सांगितलं, "कडक बंदोबस्तामुळे कोठाराच्या दारातून आजवर एक दाणाही चोरीला गेलेला नाही!" आणि खोटं कशाला बोला, ते शंभर टक्के खरं होतं.