सगुणेचा कापशा आणि रंभाजीरावांचा संशय

भाविकहो, त्या साली श्रीपूर्णगीर महाराजांचा मुक्काम कोळंबखेडला होता. गावाच्या वरच्या अंगाला अंबाबाईचं देऊळ, आणि देवळाच्या ओवरीतच महाराजांची धुनी. येईल त्याला अंगारा आणि मूठभर कुरमुरे, एवढाच त्यांचा प्रसाद. सारं गाव महाराजांना मानत होतं, एकटे रंभाजीराव घुले सोडून.

रंभाजीराव देवस्थानचे पंच. माणूस कष्टाळू, नेमधर्माला कडक. पण संशयी इतका, की ताटातली भाकरी फुगलेली दिसली तरी आत काय दडवलंय म्हणून आधी फोडून बघणार! महाराज कुणाकडे काही मागत नाहीत, याचाच त्यांना मोठा संशय. "काहीच मागत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय," असं ते चारचौघांत म्हणत.

गावात एक जुनी रीत होती. ज्याच्या घरच्या जनावराला किडे पडले, त्याच्या हातून पाप घडलं असं धरायचे. त्यानं देवळाची पायरी चढायची नाही आणि त्याच्या हातचं कुणी काही घ्यायचं नाही. ही रीत मोडू नये म्हणून रंभाजीराव डोळ्यांत तेल घालून जपत.

त्याच गावात सगुणा कासारीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात सोबतीला कापशा नावाचा पांढरा ससा. बांगड्या भरायला बायका आल्या की हा पठ्ठ्या तिच्या मांडीशी बसून सगळ्यांकडे टकामका बघायचा. नवरात्रात देवीला पहिला चुडा कासारणीनं भरायचा, हा मान सगुणेच्या सासूपासून चालत आलेला. त्या एका मानावर बाई वर्षभर ताठ मानेनं जगायची.

भाद्रपदातली ओल आणि माशांचा सुळसुळाट. कापशाचं पोट बिघडलं, मागची लव घाणीनं चिकटली, त्यावर माशा बसल्या. सगुणेला कळेपर्यंत तिथे अळ्या वळवळत होत्या!  त्याला पदरात गुंडाळून ती रडत धुनीपाशी आली.

महाराज म्हणाले, "माय, रडायचं मागाहून. आधी कात्री आण."

महाराजांनी स्वतः त्याला धरलं. सगुणेनं लव कातरली, चिमट्यानं एकेक अळी वेचली, कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं जखम धुऊन मऊ धडप्यानं टिपून कोरडी केली. वरून पातळ फडकं घातलं, खाली गवत अंथरलं. गवत ओलं झालं की लगेच बदलायचं. कापशा चाऱ्याला तोंड लावीना, तेव्हा ती हरळी वाटून बोटानं चाटवू लागली. हळूहळू त्याचे पडलेले कान उभे राहायला लागले.

ही बातमी रंभाजीरावांच्या कानी गेली, आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"किडे पडलेला ससा जगला? छे! मेला असणार आणि हिनं दुसरा आणून ठेवला असणार. बुवाचा चमत्कार म्हणून मिरवायला!"

ते तरातरा ओवरीत आले. फडक्याखालचा ससा लांबूनच न्याहाळून म्हणाले, "सगुणे, खरं सांग, हा तोच का?"

"मालक, माझं लेकरू मी ओळखणार नाही का?"

"तोच असेल तर किडे पडले हे खरं, आणि तुझ्या हातून पाप घडलं हेही खरं. मग यंदा देवीचा चुडा दुसरं कुणी भरेल. आणि दुसरा असेल तर तू गावाला फसवलंस. दोन्हीकडून तूच अडकलीस बघ."

सगुणेनं कापशावरचं फडकं नीट सावरलं. महाराज मात्र हसले.

"रंभाजी, तुझा कुणावर विश्वास नाही ना? मग गावापुढे निवाडा होईपर्यंत ही इथंच राहू दे, आणि राखणीला तूच बैस की."

झालं! रंभाजीराव दिवसभर ओवरीत ठाण मांडून बसू लागले. सगुणेच्या ओच्यात काय आहे, पाण्यात काय मिसळलंय, वाटलेल्या हरळीत कसली मुळी आहे, सगळं हुंगून बघायचे. पण जखम डोळ्यांदेखत भरत होती आणि ससा तोच होता. मग त्यांनी नवा तर्क काढला: या फडक्यालाच काही औषध लावलंय, म्हणून माशी फिरकत नाही.

आता श्रोतेहो, एक गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती. रंभाजीरावांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. जखम चिघळली होती, ठणकत होती, आणि आताशा आत काहीतरी हुळहुळत होतं. काय हुळहुळतंय हे बघायची त्या बहाद्दराची छाती होत नव्हती. रोज पहाटे पाय करकचून बांधायचा, वर जोडा चढवायचा, आणि देवळात मात्र 'पायाला वारा बाधतो' म्हणत पट्टीसकट वावरायचं. दुसऱ्याच्या घरचे किडे शोधायची त्यांची घाई कुठून आली होती, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

निवाड्याच्या दिवशी भर दुपारी सगळं गाव ओवरीत जमलं. नुकताच नैवेद्य झाला होता. गुळाच्या वासानं माशांचे थवे घोंघावत होते.

"हे बघा यांचं ढोंग!" असं म्हणून रंभाजीरावांनी कापशावरचं फडकं खसकन ओढून दूर फेकलं.

"नका हो!" सगुणा किंचाळली. कोवळी गुलाबी जखम उघडी पडली. एवढ्या माशांपुढे तिचे दोन हात कुठे पुरणार? तिनं डोळे मिटले. "आई अंबाबाई, याला सांभाळ!"

आणि काय आश्चर्य सांगू! नैवेद्यावरचा सारा थवा उठला, कापशाच्या अंगावरून गेला, पण एकही माशी त्याच्यावर बसली नाही. सगळ्या गेल्या त्या थेट रंभाजीरावांच्या टाचेवर! त्यांनी उपरणं झटकलं, पाय आपटला, खांबाआड सरकले. माशा तिथेही हजर. या आपटाआपटीत पट्टी सुटली आणि जखम सगळ्यांना दिसली. आत अळ्या होत्या.

 इतका वेळ त्यांना खेटून बसलेले लोक मागे सरकले. रीत सगळ्यांना पाठ होती, रावांनीच करून घेतलेली.  कुणी काही म्हणायच्या आत ते आपणहून पायरी उतरायला निघाले, पण पाय टेकवेना. ते पायरीवरच मटकन बसले आणि पोराबाळांदेखत त्यांना रडू कोसळलं.

सगुणा उठली. धुनीवरचं कोमट पाणी घेतलं, चिमटा घेतला आणि त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"शिवू नकोस, बाई," रंभाजीराव तोंड लपवून म्हणाले. "माझ्या पापाचे किडे आहेत ते."

"कापशाला नव्हते का? पाय द्या इकडं," म्हणत तिनं एकेक अळी वेचायला घेतली.

महाराज जवळ आले. रंभाजीरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, किडे माशीच्या पोटचे असतात. त्यांचं नि पापाचं नातं लावून तू एका बाईला देवाच्या दारातून उठवायला निघालास. पाप हुडकायचंच असेल तर ते तिथे हुडक."

रंभाजीरावांच्या मनातला संशय डोळ्यांवाटे वाहून गेला. कसेबसे म्हणाले, "महाराज, मी पुन्हा ही पायरी चढू का?"

"मला काय विचारतोस? देवीला चुडा भरणारी तुझ्यापुढे बसलीय, तिला विचार."

सगळ्या गावादेखत रंभाजीरावांनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि सगुणा कासारणीपुढे हात जोडून कपाळ पायरीला टेकायला ते खाली वाकले.

सगुणेनं त्यांचा पाय घट्ट धरला.

"मालक, नमस्कार मागाहून करा," ती म्हणाली. "आता हलू नका. आत अजून आहेत."