भेंडीने झाकलेल्या पाच शेंगा

भाज्यांना बोलता यायचं आणि माणसांना ऐकायला सवड असायची, त्या काळची ही गोष्ट. हौसाबाईच्या परसात भर उन्हाळ्यात एक भेंडी बहरली होती. हौसाबाई दिवसाआड टोपली घेऊन यायची आणि कोवळ्या शेंगा खुडून न्यायची.

"एकही पोर थोरलं होऊ देत नाही ही बाई!" भेंडी वैतागली, आणि तिने पाच शेंगा रुंद पानांआड दडवल्या.

"अगं, देऊन टाक," शेजारची गवार म्हणाली.

"तुला जड झाल्या असतील तुझ्या शेंगा. मला नाहीत," भेंडी फणकारली.

आठ दिवसांत त्या शेंगा वीतभर वाढल्या आणि जून झाल्या. मुळांनी ओढलेलं सगळं पाणी त्यांनाच पुरेना. झाडाला नवं फूल येईना.

"आटली वाटतं ही," हौसाबाई म्हणाली. "उपटते आणि इथं तांदुळजा टाकते."

तिने बुंध्याला हात घातला, तशी भेंडी थरथरली आणि तिने स्वतःच पानं बाजूला केली.

हौसाबाई हसली. "अगं, बी धरायचं होतं तर मला सांगायचं नाही का?" तिने चार शेंगा कापून म्हशीपुढे टाकल्या आणि पाचवीला लाल चिंधी बांधली. "ही तुझी. हिला कुणी हात लावणार नाही."

"एकच?"

"एकीत पुढच्या उन्हाळ्याचा अख्खा वाफा आहे, बाई."

थोड्याच दिवसांत भेंडीला पिवळं फूल आलं. मग टोपली दिसली की ती आपणहून पानं बाजूला करू लागली. चिंधीची शेंग मात्र ती झाकूनच ठेवायची, आणि हौसाबाई ते न बघितल्यासारखं करायची.